रव्याच्या आतली सुंगटां : पेडणे ते डिचोली

गोव्याला जाऊन आलेल्या कुठल्याही मराठी माणसाला "काय काय खाल्लंस?" असं विचारा. उत्तरात तळलेली कोळंबी असतेच. इथे अमेरिकेतही फार वेगळं नाही. सहकुटुंब बाहेर जेवायला गेलं की मेन्यूकार्डावर पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेली श्रिम्प असतेच. एरवी मासा म्हटलं की नाक मुरडणारी आपली मुलं ती मात्र चट्टामट्टा करतात. वरचं सोनेरी कवच कुरकुरीत, आत गोडसर मऊ मांस, काटा नाही, वास नाही. मुलांनी आणखी काय मागावं?

यंदा जानेवारीत आम्ही आठवडाभर गोव्यात होतो. मी, बायको, सात वर्षांची मुलगी आणि पुण्याहून आलेले माझे बाबा. कळंगुट-बागा आधी दोनदा झालं होतं. या वेळी बाबांच्या आग्रहाने मुक्काम ठेवला तो पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत. बाबांचं बालपण सावंतवाडीत गेलं. तेरेखोल नदीच्या या बाजूला सावंतवाडी, त्या बाजूला पेडणे. नातीगोती, देव आणि मासे दोन्हीकडचे एकच. पुण्यात पन्नास वर्षं काढूनही बाबा कोळंबीला 'सुंगटा'च म्हणतात. अडचण एवढीच, की गेली चार वर्षं त्यांनी सुंगटं तोंडात घातली नव्हती. रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढल्याचं निदान झालं आणि कुणीतरी सांगितलं, "कोळंबी सोडा." बाबांनी सोडली. फरसाण आणि बटाटेवडा मात्र चालू राहिला, कारण त्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं! त्यामुळे हा प्रवास जसा गावांचा झाला, तसाच 'कोळंबी खावी की नाही, आणि खावी तर कशी' या प्रश्नाचाही झाला.

नव्या काबिजादीतला गोवा

पेडणे हा गोव्याचा अगदी उत्तरेकडचा तालुका. वर तेरेखोल नदी, खाली शापोरा नदी आणि पश्चिमेला समुद्र. केरी, हरमल, मांद्रे, मोरजी हे किनारे याच तालुक्यात येतात. जानेवारी २०२३ पासून मोपाच्या पठारावरचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला, आणि एके काळी आडबाजूला असलेलं पेडणे गोव्याचं नवं प्रवेशद्वार झालं. डिचोलीला मात्र समुद्र नाही. पेडण्याहून म्हापशाला यायचं, तिथून अस्नोडा, मुळगाव करत आत शिरायचं. डोंगर, कुळागरं, खाणी, मये गावचा तलाव आणि दक्षिणेला मांडवी नदी, असा हा तालुका.

हे दोन्ही तालुके पोर्तुगीजांच्या हाती गेले ते अठराव्या शतकाच्या शेवटच्या वीस-बावीस वर्षांत. म्हणून त्यांना 'नव्या काबिजादी'तले म्हणतात. तिसवाडी, बार्देश, साष्टीत पोर्तुगीज सत्ता सोळाव्या शतकापासून होती. इथे ती अडीचशे वर्षांनी पोचली. त्यामुळे इथली देवळं, इथली मराठी, भजनं आणि नाटकं टिकली, आणि स्वयंपाकघरही बरंचसं जुनंच राहिलं. तळणीच्या वरच्या आवरणातसुद्धा हा फरक दिसतो, पण त्याकडे थोड्या वेळाने येतो. आधी सुंगटं येतात कुठून ते पाहू.

खाजन, मानस आणि भरती-ओहोटी

पहिल्या दिवशी केरीहून फेरीबोटीने तेरेखोलला गेलो, किल्ला पाहिला आणि परत येताना कोरगावकडून आलो. कोरगावात रस्त्याच्या कडेला सपाट, पाणथळ शेतं लागतात. बाबांनी गाडी थांबवायला सांगितली आणि नातीला म्हणाले, "हे खाजन."

खाजन म्हणजे खाडीच्या काठची, समुद्रसपाटीच्या आसपास असलेली जमीन. मातीचे बांध घालून पूर्वजांनी ती खाऱ्या पाण्यापासून राखली. गोव्यात अशी सुमारे १८ हजार हेक्टर जमीन असल्याचं सांगितलं जातं. पावसाळ्यात इथे खारं पाणी सोसणारा कोरगुट भात पिकतो. बांधाला जागोजागी लाकडी दारं असतात. त्या दाराला म्हणतात मानस. भरतीचं पाणी आत दाबू लागलं की त्या दाबानेच दार बंद होतं. ओहोटीला आतलं पाणी जास्त उंच राहतं, ते दार ढकलून बाहेर पडतं. ना मोटर, ना माणूस. रोज सेन्सर आणि कंट्रोल लूपच्या गोष्टी करणारा मी त्या दारापुढे बराच वेळ उभा होतो.

आता यात सुंगटं कशी आली? कोळंबी अंडी घालते समुद्रात. तिची इवलीशी पिल्लं भरतीबरोबर खाडीत शिरतात, कारण खाडीत अन्न भरपूर आणि मोठे शत्रू कमी. तिथे, आणि खाजनातल्या चरांत, खळग्यांत ती वाढतात. मोठी झाली की परत समुद्राच्या ओढीने निघतात. ओहोटीला मानशीतून पाणी जोरात बाहेर पडतं तेव्हा दाराच्या तोंडाशी जाळं लावलं, की सुंगटं आपसूक त्यात येतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती-ओहोटी मोठी, म्हणून मासळीही जास्त. मानशीवर मासे धरायचा हक्क लिलावाने द्यायचा आणि त्या पैशांतून बांधाची डागडुजी करायची, अशी जुनी रीत. म्हणजे एकाच व्यवस्थेतून भात, मासे आणि बांधाचा खर्च तिन्ही निघायचं.

पुढे आगरवाड्याजवळ मिठागरं दिसली. खाडीचं पाणी, मीठ, भात, सुंगटं आणि पलीकडच्या हरमलची तिखट मिरची. या हरमल मिरचीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. दुपारच्या जेवणाच्या ताटातलं जवळजवळ सगळं आम्ही येतानाच्या रस्त्यावर पाहून झालं होतं.

पेडण्यातली खाणावळ

जेवलो ते एका छोट्या खाणावळीत. पाच टेबलं, भिंतीवर देवीचा फोटो, आत चूल आणि गॅस दोन्ही. मालकीणबाई स्वतःच तव्यापाशी होत्या. बाबांनी सुंगटांची चौकशी केली तशा त्या म्हणाल्या, "आयज बारीक आसात. व्हडलीं येवंक नांत. चलतलीं?" बाबांचा चेहरा खुलला. "बारीकच बरी," ते मला म्हणाले, "चव त्यातच असते." पण स्वतःसाठी त्यांनी मागवलं शाकाहारी ताट.

मालकीणबाईंनी पाहू दिलं म्हणून कृती नीट पाहता आली. सुंगटं सोलून, पाठीवरचा काळा दोरा काढून धुतलेली. मीठ, हळद, लाल तिखट आणि आमसोलाचं आगळ लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवलेली. एका ताटलीत रवा आणि त्यात थोडं तांदळाचं पीठ. सुंगट त्यात एकदा दाबायचं, उलटायचं, झटकायचं आणि तव्यावर ठेवायचं. अंडं नाही, मैद्याचं भिजवण नाही. तव्यावर तेल पसरलेलं, पण सुंगटं त्यात बुडालेली नव्हती. एका बाजूला दीड-दोन मिनिटं, दुसऱ्या बाजूला तेवढीच. सुंगट वाकून इंग्रजी 'सी'सारखं झालं की काढायचं. पूर्ण गोल वळलं तर समजा जास्त शिजलं, आता ते रबरासारखं लागणार.

हा पदार्थ इतका का आवडतो, याचं उत्तर स्वयंपाकघरातल्या रसायनशास्त्रात आहे. कोळंबीच्या मांसात ग्लायसीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं, त्याची चव मुळातच गोडसर. मांसात चरबी नगण्य, त्यामुळे ते चटकन शिजतं आणि चटकन कोरडंही पडतं. वरचं आवरण दोन कामं करतं. आतला ओलावा राखतं आणि स्वतः तापून तांबूस होतं. पीठ आणि प्रथिनं एकत्र तापली की भाजल्याचा तो खमंग वास सुटतो. बाहेर कोरडं कुरकुरीत, आत ओलं मऊ, असा विरोध एकाच घासात मिळाला की जीभ खूश. रव्याचा दाणा जाडसर, म्हणून त्याचा पातळ थरही दाताखाली आवाज करतो. त्या आवाजासाठी जाड कवच लागत नाही.

पावाचा चुरा आला कुठून?

संध्याकाळी किनाऱ्यावरच्या एका मोठ्या रेस्टॉरंटमध्ये मुलीने तिची नेहमीची डिश मागवली. बशीत आठ कोळंब्या आल्या. सगळ्या एका मापाच्या, सरळ, जाड सोनेरी अंगरखा घातलेल्या, शेजारी मेयोनेजची वाटी. बाबांनी एक उचलून मधून मोडली. कवचाची जाडी आतल्या कोळंबीच्या निम्म्याहून जास्त होती. "ही कोळंबी की कोळंबीवडा?" एवढंच म्हणून त्यांनी ती खाली ठेवली.

पावाचा चुराही गोव्याला परका नाही, हे मात्र सांगायला हवं. पोर्तुगीजांबरोबर पाव आला, गावोगाव पोदेर आले आणि जुन्या काबिजादीतल्या ख्रिस्ती घरांत शिळ्या पावाचा चुरा तळणीला वापरायची पद्धत रुळली. तिथल्या लग्नाकार्यात 'रिसॉइश' नावाचा पदार्थ असतो. कोळंबीचं सारण भरलेली करंजी अंड्यात बुडवून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळतात. अगदी चविष्ट प्रकार. पेडणे-डिचोलीतल्या हिंदू घरांत मात्र ओटा तांदूळ आणि रव्याचा राहिला.

याच पोर्तुगीजांची जहाजं सोळाव्या शतकात गोव्याहून मकावमार्गे जपानला जात. जपानी टेम्पुरा या तळणीचं मूळ पोर्तुगीजांनी नेलेल्या पद्धतीत आहे असं मानलं जातं. जपानी भाषेत ब्रेडला 'पान' म्हणतात. तो आणि आपला 'पाव' हे दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दावरून आले. 'पान'चा चुरा तो 'पांको'. आज अमेरिकेतल्या दुकानात पांकोचं पाकीट उचलताना आपण पावाच्याच एका दूरच्या भावंडाला घरी आणत असतो.

म्हणजे पावाच्या चुऱ्यात वाईट काही नाही. प्रश्न आहे तो जाडीचा. आणि त्या जाडीमागे काय दडलं आहे, याचा.

बाबांचं कोलेस्टेरॉल आणि थोडं गणित

रात्री मुलगी झोपल्यावर मी आणि बाबा गॅलरीत आकडे घेऊन बसलो. अमेरिकी कृषी खात्याच्या पोषणतक्त्यांनुसार १०० ग्रॅम नुसत्या वाफवलेल्या कोळंबीत साधारण १०० ते १२० कॅलरी असतात. प्रथिनं २० ग्रॅमच्या वर, चरबी एक-दोन ग्रॅम किंवा त्याहून कमी. शिवाय बी-१२ जीवनसत्त्व, सेलेनियम आणि आयोडीन. तीच कोळंबी चुऱ्यात घोळवून तळली की १०० ग्रॅमला सुमारे २४० कॅलरी होतात. प्रथिनं तेवढीच, २१ ग्रॅम. पण चरबी १२ ग्रॅम आणि पिष्ट ११ ग्रॅम. हिशेब सोपा आहे. प्रथिनांच्या ८४, चरबीच्या १०८ आणि पिष्टाच्या ४४ कॅलरी. वाढलेला जवळजवळ सगळा भार कोळंबीचा नाही, आवरणाचा आणि आवरणाने प्यायलेल्या तेलाचा आहे. मेयोनेज आणि बटाट्याच्या फ्राइज यात धरलेल्याच नाहीत.

आता कोलेस्टेरॉल. कोळंबीत ते खरंच जास्त असतं, १०० ग्रॅमला दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणूनच ती पूर्वी बदनाम झाली. पण रक्तातलं कोलेस्टेरॉल बहुतेकांच्या बाबतीत खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीने जास्त वाढतं, आणि कोळंबीत ती अगदी कमी. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कोलेस्टेरॉल सामान्य असलेल्या लोकांना तीन आठवडे रोज ३०० ग्रॅम वाफवलेली कोळंबी दिली. वाईट म्हटलं जाणारं एलडीएल सुमारे ७ टक्क्यांनी वाढलं, पण चांगलं एचडीएल १२ टक्क्यांनी वाढलं आणि ट्रायग्लिसराइड १३ टक्क्यांनी कमी झाली. २०१५ च्या अमेरिकी आहारसूचनांमधून रोजच्या ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादाही काढली गेली. अर्थात प्रयोगातली माणसं निरोगी होती आणि कोळंबी वाफवलेली होती, तळलेली नव्हे. म्हणून मी बाबांना एवढंच म्हटलं, "बाबा, निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. पण त्यांना 'कोळंबी चालेल का' असं विचारू नका. 'तव्यावरची चालेल का' असं विचारा."

बाबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी खरंच पुण्याला फोन लावला. डॉक्टर हसले म्हणे. पंधरा दिवसांतून एकदा, कमी तेलात, आणि फरसाण बंद, या अटीवर परवानगी मिळाली. फरसाणाचा विषय बाबांनी स्वतःहून काढला होता की डॉक्टरांनी, हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

त्याच रात्री बाबांना आणखी एक गोष्ट वाचून दाखवली होती, ती आपण अमेरिकेत राहणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. इथल्या संघीय नियमांनुसार 'ब्रेडेड श्रिम्प' नावाने विकल्या जाणाऱ्या गोठवलेल्या कच्च्या पाकिटात कोळंबी किमान ५० टक्के असली की पुरे. 'लाइटली ब्रेडेड' लिहायचं असेल तर ६५ टक्के. म्हणजे पाकिटातला निम्मा ऐवज पीठ आणि चुरा असला तरी तो कायदेशीर आहे! आणि आतली कोळंबी? ती बऱ्याचदा आपल्याच देशातली असते. भारताच्या गोठवलेल्या कोळंबीचा सर्वांत मोठा ग्राहक गेली कित्येक वर्षं अमेरिका आहे. आणि त्यात मोठा वाटा आहे तो 'वनामी' जातीचा. मूळची ही प्रशांत महासागराच्या अमेरिकी किनाऱ्यावरची कोळंबी. भारतात तिच्या व्यापारी शेतीला २००९ मध्ये परवानगी मिळाली आणि आंध्र प्रदेशात तिची तळी पसरली. एकसारखा आकार, वर्षभर पुरवठा, बेताची किंमत. आपल्या किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलांनाही तीच सोयीची पडते.

त्या तळ्यांवर कितीतरी घरं चालतात, त्यामुळे तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण बर्फात महिनोन् महिने राहिलेल्या, पाणी धरून ठेवण्यासाठी फॉस्फेटच्या द्रावणात भिजवलेल्या कोळंबीची चव फिकट होते, आणि फिकट चवीला जाड, खारट अंगरखा लागतो. ताज्या सुंगटाला तो लागत नाही.

डिचोली : समुद्र नसलेल्या गावचे मासे

तिसऱ्या दिवशी आम्ही डिचोलीकडे निघालो. समुद्र नसलेल्या तालुक्यात मासे कसले खाणार, असं बायकोला वाटत होतं. पण डिचोलीची नदी मांडवीला मिळते आणि मांडवीतून भरतीचं पाणी बरंच आतपर्यंत येतं. पिळगावात सारमानस नावाची जागा आहे. नावातच मानस ऐकू येतो. नार्व्याला श्रीसप्तकोटेश्वराचं दर्शन घेतलं. मूळ देऊळ समोरच्या दिवाडी बेटावर होतं, ते पोर्तुगीजांनी पाडल्यावर देव नदी ओलांडून इथे आला. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला. देवळापासून फेरीबोटीचा धक्का जवळच. त्या धक्क्यावर उभं राहिलं की पलीकडे दिवाडीची खाजनं पसरलेली दिसतात.

डिचोलीत जेवलो त्या खाणावळीत ताटात भात, सुंगटांचं हुमण, तिसऱ्या, सोलकढी आणि बाजूला सहा रवा लावलेली सुंगटं होती. ही पेडण्यातल्यापेक्षाही लहान, करंगळीएवढी. बाबांनी चार वर्षांनी पहिलं सुंगट खाल्लं. काही बोलले नाहीत. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं, आणि उरलेली तीन नातीच्या पानात वाढली. तिने आधी शंकेने पाहिलं, कारण तिला माहीत असलेली कोळंबी अशी वाकडी आणि बारीक नसते. मग तीनही संपवून आणखी मागितली. मेयोनेजची आठवण तिला झाली नाही.

खाणावळीचे मालक साठीतले, गप्पिष्ट. बाबांशी त्यांची लगेच गट्टी जमली. त्यांच्या लहानपणी शाळेतून येताना मुलं बांधावर उतरून ओंजळीने सुंगटं धरायची, हे त्यांनी हात करून दाखवलं. आता? आता ती कधी बाजारात येतात, कधी नाही. आली तरी हॉटेलवाले मोठी उचलतात, गावाला बारीक उरतात. डिचोलीत पूर्वापार लोखंडाच्या खाणी. पावसाबरोबर खाणींची लाल माती ओढ्यांत, शेतांत आणि नदीत उतरत राहिली. २०१२ मध्ये गोव्यातलं खाणकाम थांबलं, पुन्हा सुरू झालं, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर परत थांबलं आणि आता लिलावानंतर काही खाणी चालू होत आहेत. खाणी थांबल्या तेव्हा ट्रकवाल्यांची आणि खाणावळींचीही चूल मंदावली, हेही त्यांनीच सांगितलं. "खाण चालली की धंदा, थांबली की नदी. आमी कोणाक हांसोवप?" असं म्हणून ते सोलकढी वाढायला उठले.

पेडण्यात प्रश्न वेगळा आहे. तिथे विमानतळ आला, जमिनीला भाव आला. भाताच्या शेतात कुणी उतरेनासं झालं की बांध बांधायलाही कुणी येत नाही. बांध फुटला की खारं पाणी शेतात राहतं आणि खारफुटी वाढते. मग ती जमीन ना शेतीची, ना मानशीची. ताटातलं बारीक सुंगट टिकायचं असेल तर नुसता समुद्र पुरत नाही. खाडी, बांध, ते लाकडी दार आणि ते दुरुस्त करणारी माणसं हे सगळं टिकावं लागतं. त्या दाराजवळ मी मुलीला विचारलं होतं, "हे दार कोण उघडतं?" ती म्हणाली, "चंद्र." आजोबांनी शिकवलं होतं.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

आपल्या मंडळातली बरीच मंडळी दर वर्षी गोव्याला जातात, त्यांच्यासाठी हे अनुभवाचे बोल.

पहिली गोष्ट, मेन्यूकार्ड पाहण्याआधी विचारा, "आज काय आलंय?" ताजं आलेलं नसेल तर चांगला खाणावळवाला सरळ सांगतो. १ जून ते ३१ जुलै गोव्यात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत बशीभर मोठी कोळंबी आली, तर ती बहुधा तळ्यातली किंवा बर्फातली आहे असं समजा.

दुसरी, "रवा लावून तव्यावर" असं स्पष्ट सांगा. कढईतलं तळण पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातलं असू शकतं. तळणीच्या तेलातल्या घातक ध्रुवीय घटकांवर आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, ती २०१८ पासून लागू आहे. पण टेबलावर बसून ती मोजणार कशी? तव्यावरचं चमचाभर तेल निदान ताजं असतं.

तिसरी, घरात कुणाला कवचाच्या माशांची ॲलर्जी असेल तर रवा काय किंवा चुरा काय, दोन्ही सारखेच धोक्याचे. ॲलर्जी आणणारं प्रथिन शिजवल्याने नाहीसं होत नाही. मुलांना पहिल्यांदा देताना एकच द्या आणि थोडा वेळ थांबा.

चौथी, घरी करून पाहा. पाव किलो सोललेल्या कोळंबीला अर्धा चमचा हळद, दीड चमचा लाल तिखट, चवीपुरतं मीठ आणि दोन चमचे आगळ किंवा लिंबाचा रस लावून पंधरा मिनिटं ठेवा. चार मोठे चमचे रवा आणि एक मोठा चमचा तांदळाचं पीठ ताटलीत मिसळा. कोळंबीचं जास्तीचं पाणी निथळून मगच घोळवा आणि झटका. निम्मा रवा ताटलीतच उरेल, तो उरायलाच हवा. बिडाच्या तव्यावर दोन चमचे तेलात मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी भाजून जाळीवर काढा. तळणीचा पदार्थ बरंचसं तेल गार होताना आत ओढतो, म्हणून बशीत ढीग न करता जाळीवर ठेवणं महत्त्वाचं. इथे गोठवलेली कोळंबी घेणार असाल तर पाकिटावरचे घटक वाचा. 'कोळंबी, मीठ' एवढंच लिहिलेलं पाकीट मिळतं, शोधावं लागतं एवढंच.

आमच्या घरी आता महिन्यातून एक रविवार सुंगटांचा असतो. पुण्यात बाबांचाही. व्हिडिओ कॉलवर ते आधी नातीला तवा दाखवायला लावतात आणि रवा जास्त दिसला की तिथूनच ओरडतात, "झटक, झटक!"